तीन ठोके

१

सकाळचा चहा झाला की मिस्त्री हातोडी कमरेला खोचायचा आणि वाट वाजवायला निघायचा.

वाट म्हणजे दलदलीवरून समुद्रापर्यंत गेलेली लाकडी वाट. खाली चिखल, वर फळ्या, दोन्ही अंगांना कठडा, आणि टोकाला पक्षी बघायला बांधलेली एक बुटकी खोली. तिला सगळे लपण म्हणायचे. फळ्या सहाशे बारा. प्रत्येक फळीवर एक ठोका. चांगली फळी ठण्ण बोलते, कुजकी थप करते. थप झाली की खडूची फुली मारायची आणि पुढं सरकायचं. इतकंच काम, पण रोज.

माणूस म्हणून मिस्त्री काही गोड नव्हता. ते राखीव जंगल बघायला लांबून लोक यायचे, टेकडीवरून किनाऱ्यापर्यंत पायी हिंडायचे, तंबूत राहायचे, आणि मिस्त्रीला त्या सगळ्यांचा राग होता. गळ्यात हजारोंची दुर्बीण आणि पायाखालचा खिळा दिसत नाही, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणायचा. कुणी विचारलं, काका, इथं पाणमांजर दिसतं का, तर म्हणायचा, तुम्ही तोंड मिटलंत तर दिसेल.

त्या दिवशी सकाळी ओहोटी होती. आदल्या दिवशी त्यानं वळणापाशी तीन नव्या फळ्या टाकल्या होत्या, वरून सहा बोल्ट सोडले होते. खाली उतरून त्यांना नट लावायचे बाकी होते. हे काम खरं तर दोघांचं. एकानं वरून बोल्ट धरायचा, दुसऱ्यानं खालून नट आवळायचा. पण हा हंगाम मिस्त्री एकटाच होता, म्हणून आज वरचं, उद्या खालचं, असं चाललं होतं.

फुली मारलेली एक फळी उचलून तो त्या फटीतून खाली उतरला. खाली माणूस मान वाकवूनच चालतो. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडतात, चिखलाला अंड्यासारखा वास येतो, आणि दोन्ही बाजूंनी जाळी आहे. प्राण्यांची वाट मोडू नये म्हणून लोकांना आवरायला लावलेली ती जाळी. त्यामुळं खाली गेलेला माणूस जिथून उतरला तिथूनच वर येतो. दुसरी वाट नाही.

मिस्त्री वळणापाशी पोचला, मान वर केली, आणि हातातला नट तसाच हातात राहिला.

सहाही बोल्टांना नट लागलेले होते.

घट्ट होते. आणि प्रत्येक नटाखाली डांबरात बुडवलेल्या सुतळीचा एक वेढा होता. खाऱ्या हवेत नट ढिले होऊ नयेत म्हणून. मिस्त्री स्वतः असलं काही करायचा नाही, त्याला तो पोरकटपणा वाटायचा. सुतळी घालणारा त्याच्या माहितीत एकच माणूस होता, त्याचा जावई.

आणि जावई गेल्या हंगामापासून नव्हता.

मिस्त्रीनं डांबराला बोट लावलं. बोट काळं झालं.

२

मिस्त्री आणि त्याची लेक तंबूंच्या गोदामाला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायचे. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी झाडांकडं, एक दोरीवर वाळत घातलेल्या तंबूंकडं. लेकीचं काम तंबूंचं. लोकांना द्यायचे, चिखलात लडबडलेले परत घ्यायचे, धुवायचे, खुंट्या मोजायच्या, घड्या घालायच्या. तिचे दंड एखाद्या हमालासारखे झाले होते आणि तिला त्याचा अभिमान होता.

"काल एकानं तंबूच्या आत चूल पेटवली," जेवताना ती म्हणाली. "वर मलाच म्हणतो, ताई, तंबू पेटतो असं कुठं लिहिलेलं नव्हतं."

"त्याच्या कपाळावर लिहायला पाहिजे होतं."

"कपाळ काळं झालंय. आता अक्षर दिसणार नाही."

एरवी मिस्त्री हसला असता. तो भात चिवडत बसला.

"साहेबानं नवा माणूस घेतलाय का गं?" त्यानं विचारलं. साहेब म्हणजे त्या जंगलाचा अधिकारी.

"साहेबाला झाडूवाला मिळेना, नवा मिस्त्री कुठून आणतोय? का?"

"काही नाही."

दाराशी जावयाचे बूट होते. दर आठवड्याला लेक ते पुसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, येईल तेव्हा याच बुटांनी बडवणार आहे, म्हणून जपतेय. लोक हसायचे. ती हसायची नाही.

"बाबा, एक विचारू?"

"नको."

"त्या दिवशी ठोके किती ऐकलेत?"

"तीन. किती वेळा सांगू? तीन."

"म्हणजे तो बाहेर आला होता."

"आला असणार."

"आणि गेला."

मिस्त्रीनं ताट सरकवलं.

ठोक्यांचा हा नियम मिस्त्रीनंच घातलेला होता. समुद्राचा वारा सुटला की वरच्याचं खालच्याला ऐकू जात नाही. म्हणून हातोडीनं बोलायचं. खालच्यानं एक ठोका दिला म्हणजे बोल्ट सोड. दोन म्हणजे थांब, माझं काम चाललंय. तीन म्हणजे झालं, मी बाहेर आलो, तू जा. आणि तीन ऐकल्याशिवाय वरच्यानं जागा सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी. लेक लहानपणापासून हे ऐकत आली होती. हट्ट करून बसली की मिस्त्री भिंतीवर तीन ठोके द्यायचा आणि ती मुकाट उठायची.

गेल्या हंगामात जावई खाली होता, मिस्त्री वर. भरतीचं पाणी उतरल्यावर माणसांनी वाटेखालचा चिखल हातानं चाचपला. जावई नव्हता. हातोडी नव्हती. जाळी सगळीकडं शाबूत होती, हात घालायलासुद्धा भोक नव्हतं. मिस्त्रीनं सांगितलं, मी तीन ऐकले. मग सगळ्यांचा हिशेब जुळला. बाहेर आला असणार आणि निघून गेला असणार. बायकोला टाकून गेला. साहेबानंही तसंच लिहिलं.

तेव्हापासून लेक टाकलेली बाई म्हणून जगत होती.

३

पक्षीवाली बाई दरवर्षी याच सुमाराला यायची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, काटकुळी, वेळेची पक्की. दिवसभर लपणात बसायची. भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी, त्यांच्यासमोर एक बाकडं, बाकड्यावर वही. जे दिसेल ते घड्याळ बघून वहीत उतरवायचं. मिस्त्रीला सगळ्या पाहुण्यांत ही एकच बाई चालायची, कारण ती बोलायची नाही.

त्या सकाळी बोलली.

"मिस्त्री, तुमचा माणूस फार कामसू आहे हो."

"कुठला माणूस?"

"खाली काम करतो तो. काल भरती पूर्ण चढली होती तरी ठोकत होता."

मिस्त्री दारात उभा होता. दाराची बिजागरी कुरकुरत होती. तिला तेल द्यायला हवं, असं त्याच्या मनात आलं. माणसाचं मन अशा वेळी असल्याच गोष्टींकडं पळतं.

"बाई, भरतीला खाली छातीभर पाणी असतं. पाण्यात कोण ठोकेल?"

"मीही तेच म्हटलं." बाईनं वही उलटवली आणि बोट ठेवून वाचलं. "दुपारी दोन दहा ते तीन. वाटेखालून ठोकण्याचा आवाज. दोन-दोन. मध्ये थोडं थांबून पुन्हा दोन."

"फळी हलत असेल. पाण्यानं लाकूड फुगतं."

"असेल." तिनं चष्मा काढला. "पण मला नवल वेगळं वाटलं. मी नुसती खोकले तरी पाचशे पक्षी उडतात. त्या आवाजाला एकही उडाला नाही. सगळे मात्र माना वळवून तिकडंच बघत होते. तेही लिहिलंय मी."

मिस्त्री परत निघाला. चालताना मनाशी भांडत होता. आपला डावा कान निकामी आहे. बाई म्हातारी आहे. लाटेचा फटका खांबाला बसतो, तोही दुहेरी बसू शकतो. नट? नट आपणच लावले असतील आणि विसरलो असू. वय झालंय. सुतळी? आपणच घातली असेल. मेलेल्या माणसाची सवय लागते माणसाला.

मेलेल्या असा शब्द मनात आला तसा तो चपापला. कारण जगाच्या लेखी जावई मेला नव्हता, पळाला होता.

वळणापाशी तो गुडघ्यांवर बसला, इकडंतिकडं पाहिलं, आणि फळीवर हातोडीनं एक ठोका दिला.

ठण्ण.

वारा पडलेला होता. दूर एक पक्षी शिटी वाजवल्यासारखा ओरडत होता. मिस्त्रीनं उजवा कान फळीला लावला. लाकूड उन्हानं तापलेलं होतं.

खालून ठक ठक.

दोन. कानाच्या अगदी खाली. जणू कुणीतरी त्याच फळीला खालून गाल लावून बसलं होतं.

४

मिस्त्रीनं कुणाला सांगितलं नाही. पण पक्षीवाल्या बाईला तंबू परत करायचा होता, आणि तिनं लेकीला सहज सांगितलं. तुमच्या वडिलांचा माणूस दोन-दोन ठोकतो, फार शिस्तीचा दिसतो.

दुपारी मिस्त्री घरी आला तर दार सताड उघडं, चुलीवर भाजी करपलेली, तंबू दोरीवर ओलेच. तो वाटेनं धावत गेला. वळणापाशी लेक फळ्यांवर पालथी पडली होती, गाल लाकडाला टेकवून.

"उठ," मिस्त्री म्हणाला.

"श्श."

भरती चढत होती. खालून पाणी जाळीतून गुळगुळ करत आत येत होतं. आणि त्यात ठक ठक. थांबून पुन्हा, ठक ठक.

लेकीनं मान वर केली. वर्षभरात मिस्त्रीनं तिचा तसला चेहरा पाहिला नव्हता. तो आनंदाचा चेहरा होता, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"दोन आहेत, बाबा. दोन म्हणजे थांब. तो पळाला नाही. मला टाकून नाही गेला तो."

"अगं, लाकूड वाजतंय ते."

"लाकूड मोजून वाजतं का?" मग तिचा चेहरा बदलला. "पण तुम्ही तर तीन म्हणाला होतात."

आता सांगून टाकावं, असं मिस्त्रीला वाटलं. शप्पथ, वाटलं.

"मला तीनच ऐकू आले," तो म्हणाला.

लेक उठून बसली आणि त्याच्या डाव्या कानावर हात ठेवला, एखाद्या लहान पोराला ठेवावा तसा.

"तुमचा कान, बाबा. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं की. मीच कशी विसरले? तुमचा दोष नाही."

त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

कारण मिस्त्रीनं दोनच ऐकले होते. उजव्या कानानं, स्वच्छ. त्या सकाळी जावई म्हणाला होता, मामा, हा हंगाम संपला की आम्ही दोघं शहरात जातोय, फर्निचरच्या कारखान्यात बोलावणं आलंय. आणि मिस्त्रीला ते झोंबलं होतं. म्हातारपणी एकट्याला टाकून चालले. त्याच रागात तो वर बसला. काम लांबत चाललं. खालून दोन ठोके आले, थांबा म्हणून. मिस्त्री म्हणाला, बस म्हणावं मग खालीच. आणि चहा प्यायला गेला.

जाताना सवयीनं एक गोष्ट केली. वाटेतली फट उघडी सोडून जायची नाही, कुणी पाहुणा पाय घालून पडेल. जंगलात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हे वळण होतं. मिस्त्रीनं फट झाकायला फळी ओढली, आणि ती वाऱ्यानं सरकू नये म्हणून तिच्यावर बोल्टांची लोखंडी पेटी रेटून सरकवली. दोन माणसांनी उचलायची पेटी.

साहेबानं कचेरीत बसवून घेतलं, पाट्यांविषयी बोलत राहिला. त्या दिवशी उधाण होतं. मिस्त्री परत आला तेव्हा पाणी फळ्यांना लागलं होतं आणि पेटी जिथल्या तिथं होती.

५

लेक उठली नाही.

रोज भरतीच्या आधी ती वळणावर जाऊन बसायची आणि पाणी उतरेपर्यंत तिथंच. पुढं पुढं ओहोटीलाही उठेना. मिस्त्री भाकरी नेऊन द्यायचा, ती चार घास खायची आणि उरलेलं बाजूला ठेवायची. त्याच्यासाठी, म्हणायची. ओठ मिठानं फुटले होते. तंबू मागायला आलेले लोक गोदामाच्या दारावर थापा मारून परत जायचे.

ओहोटीला तिनं मिस्त्रीला दोनदा खाली उतरवलं. खाली कुणी नव्हतं. चिखलावर खेकड्यांच्या रेघा होत्या, माणसाचं पाऊल नव्हतं. जाळी शाबूत. फक्त नटांच्या रांगेत दर वेळी चार-सहा नव्या सुतळ्या.

"दिसला?" ती वरून विचारायची.

"नाही."

"भरतीला येतो तो. जसा गेला तसा."

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ते पाहिलं. लेकीनं पेटीतून एक बोल्ट काढला, फळीच्या रिकाम्या भोकात सोडला, आणि अंगठा डोक्यावर ठेवून बसली. खाली पाणी काळंभोर होतं, फळ्यांपासून हातभर खाली. खालून एक ठोका आला. मग बोल्टाचं डोकं तिच्या अंगठ्याखाली फिरू पाहायला लागलं. तिनं ते पान्यानं धरलं, अगदी मिस्त्री धरायचा तसं. आणि ते डोकं हळूहळू, सूतसूत करत, लाकडात रुतत गेलं.

ठक ठक.

"बघा," लेक म्हणाली. "किती नीट आवळतो."

पाणी रोज वीतभर वर येत होतं. पाचव्या दिवशी उधाण होतं. उधाणाला पाणी फळ्यांवरून कमरेइतकं जातं आणि परतताना ओंडकेसुद्धा ओढून नेतं. साहेब सगळ्यांना बाहेर काढत होता. दोनशे माणसं तंबूंत होती, कुणाची गाडी रुतली होती, कुणाचं पोर सापडत नव्हतं. मिस्त्री त्याच्यापाशी गेला तर तो खेकसला. "माणसं पाठवली होती ना मी? एकाच्या हाताचा लचका तोडलाय तुमच्या मुलीनं. आता तुमची मुलगी तुम्ही बघा."

मिस्त्रीनं स्वतः ओढून पाहिलं. तिनं कठड्याला दंड अडकवला. तंबू उचलून घट्ट झालेला दंड तो. म्हाताऱ्याचं काय चालणार.

"अगं, बुडशील!"

"नियम कुणाचा आहे, बाबा? तीन ऐकल्याशिवाय उठायचं नाही. मागच्या वेळी तुमच्या कानानं घात केला. माझे कान चांगले आहेत."

मिस्त्री खाली बसला. खरं सांगायचं का? सांगितलं तर तिला कळेल की घात कानानं केला नव्हता, बापानंच तिच्या नवऱ्यावर फळी ओढली. मग ती उठेल का? तिथंच बसेल, आणि बापाचं तोंडही बघणार नाही. खऱ्यानं ती वाचणार नव्हती. खोटं एकदा चाललं होतं.

तिला उठवील अशी एकच गोष्ट या जगात होती.

"बरं," तो म्हणाला. "मी साहेबाकडून दोर घेऊन येतो."

"आणा. त्यालाही लागेल," लेक म्हणाली.

६

वळणाच्या अलीकडं, घराच्या बाजूला, झुडपांमागं चाळीस फळ्या सोडून एक फळी त्यानं आदल्याच दिवशी सोडवून ठेवली होती. बदलायची होती म्हणून नुसती टेकवलेली. रिकामी होत आलेली बोल्टांची पेटीही त्यानं वळणापासून ओढत तिथंच आणून ठेवली होती. लेकीनं बोल्ट वापरून वापरून तळ गाठला होता. आता ती कुणालाही एकट्यानं सरकवता आली असती.

त्यानं फळी बाजूला केली. पान्यांची पिशवी वरच ठेवली, फक्त हातोडी घेतली. खाली उतरला तेव्हा पाणी मांड्यांना लागलं. थंडगार. दुपारचे चार वाजले असतील. वर ऊन होतं, त्याच्या पट्ट्या पाण्यावर हलत होत्या.

चाळीस फळ्या. तो मोजत, वाकून, खांब धरत गेला. पाणी कमरेला आलं, मग बरगड्यांना. येताजाता लाट त्याला जाळीवर ढकलायची. पाठीमागं काही हललं असं त्याला दोनदा वाटलं. त्यानं मागं पाहिलं नाही. लाट आहे, म्हणाला. लाटच असते.

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. वरच्या फटींतून लेकीच्या लुगड्याचा काठ दिसला, आणि फळीवर दाबून ठेवलेला तिचा गाल. एक डोळा मिटलेला. इतकी जवळ होती की हात पुरला असता.

मिस्त्रीनं हातोडी उचलली. लहानपणी भिंतीवर द्यायचा तसेच दिले, सारख्या अंतरानं.

एक. दोन. तीन.

तो डोळा उघडला.

वर काही क्षण काही हललं नाही. मग फळी कुरकुरली. ती उठली होती. "आला," असं ती म्हणाली की रडली, हे वाऱ्यात कळलं नाही. पावलं निघाली. आधी हळू, मग धावत, घराच्या दिशेनं. प्रत्येक पावलाला फळी वाजत होती. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. चांगल्या फळ्या. मिस्त्रीनंच घातलेल्या.

त्यानं खांबाला डोकं टेकलं. वाचली पोर. आता घरी जाईल, बूट पुसेल, तीन कप चहाचं आधण ठेवेल आणि वाट बघत बसेल. बसू दे. आयुष्यभर बसू दे. कोरड्या जागी बसेल.

पावलं थांबली.

झुडपांमागं. चाळीस फळ्यांवर. उघड्या फटीपाशी.

अर्थात थांबणार. इथून बाहेर आला वाटतं, म्हणत ती इकडंतिकडं बघत असणार. मिस्त्री पुढं सरकला. पाणी छातीच्या वर होतं, लाटेत पाय तळाला धड ठरत नव्हते. मग त्याला लाकूड घासल्याचा आवाज आला. तो आवाज त्यानं हजारदा ऐकला होता, पण नेहमी वरून.

फळी ओढल्याचा आवाज.

फट उघडी सोडून जायची नाही. कुणीतरी पाय घालून पडेल. तिच्याही हाताला ते वळण होतं, त्यानंच लावलेलं.

"ए पोरी!" मिस्त्री ओरडला. तोंडात खारं पाणी गेलं. "पोरी, मी आहे! मी आहे गं खाली!"

पेटी फळीवर सरकली. लोखंडानं एक जड घोट घेतल्यासारखा आवाज. वारा सुटलेला. मग पावलं धावत लांब गेली, आणि त्यानंतर फक्त समुद्र.

मिस्त्रीनं हातोडी उचलून डोक्यावरच्या फळीवर दोन ठोके दिले. थांब. पुन्हा दोन. थांब, थांब. पण ऐकणाऱ्याला तीन मिळाले होते. तिनं नियम पाळला होता. तीननंतर कुणी थांबत नाही.

पाणी हनुवटीला लागलं. उन्हाच्या पट्ट्या आता त्याच्या तोंडापासून वीतभर होत्या. तो पोहत, खांब धरत, फटीकडं निघाला. दहा फळ्या गेला असेल. तिथं त्याला दिसलं की पुढच्या तुळईवरचे सगळे नट काळे, ओले आहेत, आत्ताच डांबर लावल्यासारखे. आणि शेवटच्या नटावर, पाण्याच्या वर, चार बोटं होती. सुतळीचा वेढा घालत होती. अंगठ्यानं दाबून, गाठ न मारता, जावयाच्याच पद्धतीनं. घाई अजिबात नव्हती.

"जावईबापू," मिस्त्रीच्या तोंडून निघालं. एरवी चिडवायला वापरलेलं नाव ते.

बोटं थांबली. मग पाण्याखाली गेली.

मिस्त्रीनं नाक फटीला लावलं. लाकडाचा वास आला. वर आभाळ होतं, बोटभर रुंद.

मग त्याच्या उजव्या कानाशी, चांगल्या कानाशी, ठक ठक.

दोन.

काम चालू असलेल्या माणसाचे ठोके होते ते.